गाडी हलवायला किती जोर लागतो: धक्का, चिखल, ट्रॅक्टर आणि पुराचं पाणी

साडेआठशे किलोची छोटी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर न्यूट्रलला असेल, हँडब्रेक सोडलेला असेल आणि टायरांत हवा पुरेशी असेल, तर एकदा हललेली गाडी चालती ठेवायला १० ते १२ किलोचा जोर पुरतो. तीच गाडी काळ्या रानात रिमपर्यंत रुतली, की जवळपास तिच्या वजनाइतकी म्हणजे ८५० किलोची ओढ लागते. आणि तीच गाडी फरशी पुलावर गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत आलेल्या वाहत्या पाण्यात सापडली, तर ६०-६५ किलोच्या आडव्या रेट्याने पुलाच्या कडेवरून खाली जाते.

गाडी तीच आणि आकडे इतके वेगळे, कारण दरवेळी दोन गोष्टी बदलतात: चाकांवर वजन किती टेकलंय आणि चाकाखाली काय आहे. गाडी ढकलण्याआधी, ओढण्याआधी आणि मुख्य म्हणजे पाण्यात घालण्याआधी या दोन गोष्टींचा अंदाज घ्यायलाच हवा. पुस्तकात जोर न्यूटनमध्ये मोजतात. १ किलोचा जोर म्हणजे ९.८१ न्यूटन. रस्त्यावर उभं राहून हिशोब करायला किलो सोपा, म्हणून इथे सगळं किलोत दिलं आहे.

धक्का मारताना

चाक फिरत ठेवायला लागणारा जोर गाडीच्या वजनाच्या टक्क्यांत धरायचा. डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता असेल तर एक ते दीड टक्का, मुरमाचा असेल तर दोन ते तीन, कोरडी मातीची पांदण असेल तर पाचच्या आसपास. पायाखाली दबणाऱ्या ओल्या मातीत हा आकडा दहा-पंधरावर जातो आणि नदीपात्रातल्या सुट्या वाळूत वीस ते तीसवर. म्हणजे डांबरावर एकट्याने हलणारी गाडी वाळूत सहा-सात जणांनाही जड जाते.

त्यात चढ मिळवा. शंभर फुटांत जितके फूट चढ, तितके टक्के वाढतात. शंभराला पाच हा चढ डोळ्यांना चढ वाटतही नाही, पण ८५० किलोच्या गाडीला तो ४२ किलो जास्त मागतो. सपाटीवर सहज ढकललेली गाडी पेट्रोल पंपाच्या तोंडाशी येऊन अडते ती यामुळेच.

थांबलेली गाडी हलवायला जोर जास्त लागतो. १० सेकंदांत ताशी ८ किलोमीटरचा वेग आणायचा तर चालती ठेवण्याच्या ११ किलोंवर आणखी १९-२० किलो घाला, झाले ३०. धडधाकट माणूस सलग २०-२५ किलो रेटू शकतो, क्षणभर ४०-५०. पण हे पाय घट्ट रोवले असतील तर. ६५ किलोच्या माणसाच्या पायात चप्पल आणि खाली ओला गारा असेल, तर १२-१३ किलोच्या पुढे त्याचे पायच सरकतात, मग अंगात कितीही बळ असो. म्हणून आधी पायाखालची जागा कोरडी करा, चार टोपली मुरूम टाका, गोणपाट अंथरा. दोन माणसं वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

डिकीच्या दाराच्या कडेला, जिथे पत्र्याखाली सांगाडा असतो तिथे हात लावा. काच, मागचा दिवा आणि पत्र्याचा मधला भाग टाळा. हात जवळपास सरळ, अंग पुढे झुकलेलं आणि जोर मांड्यांचा. चिखलात अडलेल्या बैलगाडीच्या चाकालाच हात घालतात, त्यामागे पक्कं गणित आहे: चाकाचा वरचा भाग पुढे रेटला की आसावर दुप्पट जोर पडतो. मोटारीचं चाक मडगार्डमध्ये दडलेलं असल्यामुळे हा फायदा थोडाच मिळतो आणि बोटं अडकायची भीती मोठी असते, तेव्हा मोटारीला तो प्रयोग नको.

स्टिअरिंगवर माणूस बसलेलाच हवा आणि किल्ली चालू स्थितीत हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर काम करत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं घट्ट होतं, पण ब्रेक लागतो. पाय पूर्ण ताकदीने दाबायचा एवढंच.

सपाट रस्त्यावर दोघांनाही गाडी हलली नाही, तर तिसरा माणूस बोलावण्याआधी कारण शोधा. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, टायर बसला असेल, नाहीतर ब्रेक चिकटला असेल. चौथं कारण बहुतेक नसतं.

बॅटरी उतरल्यावर धक्का मारून गाडी सुरू करायची असेल तर दुसरा गिअर टाका, किल्ली चालू करा, क्लच दाबून ठेवा आणि ताशी १०-१५ किलोमीटरचा वेग आला की क्लच झटकन सोडून लगेच पुन्हा दाबा. क्लच सुटताच गाडी जड होते, तेव्हा ढकलणाऱ्यांचं तोंड डिकीवर आपटू नये म्हणून त्यांनी हात सैल करायचे हे आधीच ठरवून घ्या. ऑटोमॅटिक, सीव्हीटी आणि एएमटी अशा क्लचचं पेडल नसलेल्या गाड्यांना हा उपाय नाही. इंजिनात पाणी गेल्याची नुसती शंका असेल तरी तो करायचा नाही. कारण शेवटी दिलं आहे.

काळ्या मातीत रुतली तर

मराठवाड्यातली भारी काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत गच्च भरते. मग टायर गुळगुळीत होतो. फिरणारं चाक पकड घेत नाही, खड्डा खणत खाली जातं. ओढ किती लागेल याचा सैन्यातले लोक वापरतात तो ठोकताळा असा: चाकं रिमपर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याही वर गेली तर तिप्पट. म्हणजे दोन मिनिटं जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर ८५० किलोचं काम १७०० किलोचं होऊन बसतं. चाक एकदा जागेवर फिरलं की पाय काढा.

मग उतरून खोरं हातात घ्या. आधी गाडीच्या पोटाखालची माती काढा. पोट टेकलेलं असेल तर वजन चाकांवरून उतरून मातीवर बसलेलं असतं आणि तोवर बाकीचे सगळे कष्ट वाया जातात. नंतर चाकाच्या वाटेत हातभर लांबीचा तिरका उतार काढा. जॅक लावायचा असेल तर खाली फूटभर लांब-रुंद जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. चाक उचलून त्याखाली मुरूम, वीटभट्टीचे तुकडे, पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या दाबून भरा. कडबा एकटा टाकू नका, तो ओला झाला की घसरतो. टायरच्या खाचांतली माती पहारीच्या टोकाने काढा. चालणाऱ्या, म्हणजे इंजिन फिरवतं त्या चाकांची हवा ३२ पीएसआयवरून १८-२० पर्यंत उतरवली की टायर पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागतं.

बाहेर पडायचं ते बहुधा मागे, आलेल्याच चाकोरीतून, कारण ती माती आधीच दबलेली असते. स्टिअरिंग सरळ ठेवा. वळवलेलं पुढचं चाक चिखलाला आडवं धरतं आणि ओढ वाढवतं. पुढे जायचं असेल तर पहिल्याऐवजी दुसरा गिअर, आणि क्लच हळूच. डांबरी रस्त्याला लागल्यावर हवा भरेपर्यंत ताशी ३० च्या पुढे जाऊ नका, नाहीतर टायर तापून रिमवरून निसटू शकतो.

ट्रॅक्टरने किंवा बैलांनी ओढताना

देवणी किंवा लाल कंधारी बैलांची चांगली जोडी आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्के ओढ तासन्‌तास देते, म्हणजे ८५ ते १०० किलो. क्षणभर ती याच्या दुप्पट-तिप्पट ओढते. पोटाखालची माती काढलेल्या छोट्या गाडीला हे पुरतं, न काढलेल्या गाडीला नाही. दोन टनांचा ट्रॅक्टर कोरड्या घट्ट रस्त्यावर १२०० किलोपर्यंत ओढू शकतो, पण तोच ओल्या रानात ६००-७०० वर येऊन घसरतो. म्हणून ट्रॅक्टर गाडीजवळ आणण्यापेक्षा तो घट्ट जमिनीवर उभा करून लांब दोर वापरणं शहाणपणाचं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हिसक्याने. दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी ५ किलोमीटरने निघाला आणि साखळी एकदम ताणली गेली. साखळी ताणून जेमतेम ५ सेंटिमीटर देते. तेवढ्यात ट्रॅक्टर थांबला तर साखळीवर सरासरी ४ टनांचा ताण येतो. त्याच जागी ५० सेंटिमीटर ताणला जाणारा नायलॉनचा दोर असेल तर तो ४०० किलोच राहतो. हूक उपटून काच फोडत आत शिरतो तो साखळीच्या हिसक्याने. दोर आधी हळू ताणून घ्या, ढील संपली की मग ओढ वाढवा. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटलाच तर उसळत नाही. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहायचं नाही, मुलांना तर बांधावरच थांबवा.

गाडीचा ओढायचा हूक स्टेपनीजवळच्या हत्यारांत असतो. बंपरवरची छोटी टोपी काढून तो शेवटपर्यंत आवळा; काही गाड्यांत आटे उलटे असतात. हा हूक सरळ रेषेतल्या ओढीसाठी आहे, तिरकी ओढ दिली तर तो वाकतो. बंपर, स्टिअरिंगचा दांडा किंवा चाकाचा खालचा आर्म यांना दोर बांधू नका. ट्रॅक्टरच्या बाजूने दोर खालच्या हिचलाच हवा. मागच्या आसाच्या वर बांधला तर ओढ वाढताच ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं आणि तो चालकासकट मागे उलटतो.

रस्त्यावर ओढत नेताना दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ च्या आत. ऑटोमॅटिक गाडीची चालणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असताना तिच्या गिअरबॉक्सला तेल पोचत नाही.

पुराचं पाणी

आतापर्यंत सगळीकडे वजन आपल्या विरुद्ध होतं. पाण्यात मात्र वजनच गाडीला धरून ठेवतं, आणि पाणी पहिल्यांदा तेच काढून घेतं.

छोट्या गाडीची फरशी जमिनीपासून १७ सेंटिमीटरच्या आसपास वर असते. पाणी तिथे पोचेपर्यंत चाकांभोवतीच वाहतं. त्यापुढे मात्र चढणारं प्रत्येक सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ३० किलोने उचलतं, कारण दारं बंद असलेली गाडी लगेच भरत नाही. चालकासह ९०० किलोची गाडी धरा. पाणी ३० सेंटिमीटर असेल तर १३ गुणिले ३० म्हणजे ३९० किलो गेले, चाकांवर ५१० उरले. पाणी ४० झालं की ६९० गेले, उरले २१०. गाळ साचलेल्या ओल्या स्लॅबवर टायर उरलेल्या वजनाच्या ३० टक्क्यांइतकाच तग धरतो, म्हणजे ६३ किलो.

आता रेटा. वाहतं पाणी आडव्या उभ्या गाडीच्या कुशीवर आदळतं. ४० सेंटिमीटर पाण्यात चाकांसकट साधारण १ चौरस मीटर भाग त्याच्यासमोर येतो. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी त्यावर ५५ किलोचा रेटा देतं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे २२०. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, निवांत चालण्याहूनही कमी. टिकाव ६३ किलोचा आणि रेटा ५५ चा. पाणी आणखी दोन बोटं चढलं की गाडी सुटली.

इंजिन पुढे असल्याने गाडीचं मागचं अंग हलकं असतं आणि आधी तेच उचललं जातं. हँडब्रेक नेमका मागच्या चाकांना लागतो, म्हणून त्या वेळी तो निरुपयोगी ठरतो. गाडी पुढच्या चाकांवर फिरते, मागचा भाग प्रवाहाबरोबर वळतो आणि ती कडेला जाते. फरशी पुलाला कठडे नसतात, असले तरी पुरात गेलेले असतात.

सिडनीजवळ न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खऱ्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. टनभराची टोयोटा यारिस ६० सेंटिमीटर पाण्यात पूर्ण तरंगली. अडीच टनांची निसान पॅट्रोल ९५ सेंटिमीटरला तरंगली आणि मग तिला हलवायला जवळजवळ काहीच जोर लागला नाही. मोठ्या गाडीने मिळालेली सवलत एवढीच, हातभराहूनही कमी. मराठवाड्याच्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून सप्टेंबर २०२१ मध्ये एसटी बस वाहून गेली. बसच्या लांब कुशीवर तर पाण्याला कितीतरी जास्त जागा मिळते.

ऑस्ट्रेलियाच्या पूरविषयक मार्गदर्शिकेत एक सोपा नियम आहे: पाण्याची खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर-सेकंदात घेऊन गुणाकार करा. छोट्या गाडीला तो ०.३ च्या वर नको, मोठ्या कारला ०.४५ च्या आणि उंच, जड फोर बाय फोरला ०.६ च्या वर नको. साचलेल्या पाण्यातही छोट्या गाडीची हद्द ३० सेंटिमीटर, मोठ्या कारची ४० आणि फोर बाय फोरची ५०. वेग सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त असेल तर कुठलीच गाडी घालायची नाही.

वेग मोजायला पुलाच्या दोन कडांचे समोरासमोरचे दोन दगडी ठोकळे हेरा आणि त्यांतलं अंतर नजरेने ठरवा. वाहत येणारी काटकी एका ठोकळ्याच्या रेषेतून दुसऱ्याच्या रेषेत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. ६ मीटर ४ सेकंदांत गेली तर वेग दीड मीटर. अशा वेळी छोट्या गाडीची हद्द २० सेंटिमीटरवर येते, म्हणजे घोट्याच्या थोडं वर. खोली मोजायला पाण्यात उतरू नका. पाणीपातळीची रंगवलेली पट्टी, ठोकळ्याचा उघडा राहिलेला भाग यांवरून ठरवा. ठरवता आली नाही तर जायचं नाही.

आणि हा सगळा हिशोब पाण्याखाली रस्ता शाबूत आहे असं धरून आहे. नळकांडी पुलात तुराट्या, झाडं अडकली की पाणी बगलेने फुटतं आणि भरावाचा मुरूम धुऊन नेतं. वरून मात्र सपाट गढूळ पाणीच दिसतं. रात्री तर काहीच दिसत नाही. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा, तेरणा, लेंडी या नद्यांच्या वरच्या अंगाला झालेला पाऊस खाली कोरड्या आभाळाखालीही पूर आणतो. धरणाखालच्या गावांत विसर्गाचा निरोप आला असेल तर पूल आता मोकळा दिसतो म्हणून भरवसा ठेवू नका. ट्रॅक्टरवर बसून पलीकडे जाण्याची सवयही सोडायला हवी: त्याची मागची मोठी चाकं हवेने भरलेली असतात आणि तीही उचलली जातात. रिकामी ट्रॉली त्याहून आधी ट्रॅक्टरला आडवं ओढते.

गाडी पाण्यात बंद पडलीच तर

पट्टा काढा आणि खिडक्या लगेच खाली घ्या. पॉवर विंडो थोडा वेळच साथ देते. दार उघडण्याचं गणित असं: बाहेर दाराच्या खालच्या कडेपासून पाणी ३० सेंटिमीटर वर असेल तर दारावर सुमारे ४५ किलो दाब असतो, हँडलजवळ रेटताना त्याचा निम्मा जाणवतो. ६० सेंटिमीटर झालं की दाब १८० किलो. पाणी दुप्पट, दाब चौपट. म्हणून पहिल्या मिनिटात उतरायचं, आणि दार हललं नाही तर खिडकीतून, शक्यतो प्रवाहाच्या खालच्या नव्हे तर वरच्या बाजूने, म्हणजे सरकणारी गाडी अंगावर येत नाही. मुलांना आधी टपावर द्या. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण मारून मोकळी होत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारा. मदतीसाठी ११२.

दारात उभ्या गाडीपर्यंत पाणी येणार असेल तर उंचावर नेणं हाच खरा उपाय. वेळ नसेल तर गाडीचं तोंड प्रवाहाकडे करा; आडव्या गाडीपेक्षा समोरून निम्म्याहून कमी भाग पाण्यासमोर येतो. गिअर आणि हँडब्रेक दोन्ही लावा, म्हणजे पुढची आणि मागची दोन्ही चाकं धरतात. ओढायच्या हुकाला दोर लावून झाडाला बांधा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

पाणी ओसरल्यावर

किल्ली फिरवू नका. पाणी दबत नाही. १००० सीसीच्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात पिस्टन वर गेल्यावर डोक्यावर ३५-४० मिली जागा उरते, सव्वा लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात तर २० मिलीच्या आसपास. तेवढं, म्हणजे दीड ते अडीच मोठे चमचे पाणी आत असलं तरी स्टार्टरच्या एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. विम्यात इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतली नसेल तर हा खर्च बहुधा मिळत नाही. एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला.

गाळात तीन-चार दिवस हँडब्रेक लावून राहिलेली गाडी न्यूट्रलमध्येही हलत नाही, कारण मागच्या ड्रममध्ये गंजून लायनर चिकटलेले असतात. इथे ट्रॅक्टर लावला तर लायनर सोलून निघतात. हँडब्रेक पूर्ण सोडा, चाकांना दगडाची उटी लावा, चाक काढून ड्रमच्या बाहेरच्या कडेला लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी ठोका. खट्‌ असा आवाज येऊन ड्रम सुटला की चाक लावून गाडी हाताने हातभर पुढे-मागे करा. मग ड्रम उघडून आतला गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडा करा, आणि तोवर गाडी उतारावर उभी करू नका.